सडा विकण्याआधी त्याचं मोल कसं मांडाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यातल्या एका गावचे, नोकरीसाठी मुंबईत राहणारे एक वाचक लिहितात: गावच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, आमची सामाईक जमीन चिरेखाणीसाठी (बांधकामाचे जांभ्याचे चिरे कापण्यासाठी) आणि काही भाग आंब्याच्या बागेसाठी घेण्याची बोलणी सुरू आहेत. घरातले जाणते म्हणतात, नुसता कातळ आहे, गवताशिवाय काही होत नाही, पैसे येतायत तर घ्यावेत. मला सडा राहावा असं वाटतं, पण ‘का’ म्हणून विचारलं की उत्तर देता येत नाही. त्याचं मोल ओळखायचं कसं, लोकांपुढे मांडायचं कसं, आणि वाचवायचा तर करायचं काय?

तुमच्या घरातले जाणते चुकीचं सांगत नाहीत. शेतीच्या हिशेबाने सड्यावर गवताशिवाय काही होत नाही, हे खरंच आहे. पण तो हिशेब फक्त नांगराचा झाला. त्यात वाडीतली विहीर धरलेली नाही, पऱ्या, म्हणजे ओहोळ, धरलेला नाही आणि पावसाळ्याचे चार महिनेही धरलेले नाहीत. कोकणातल्या सड्यांवरच्या वनस्पतींचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझ्या डोळ्यांदेखत जे सडे गेले, त्यांतल्या बहुतेकांबद्दल कुठेही एक ओळ लिहिलेली नव्हती. गावात कळकळ होती, विरोध करणारी माणसं होती, पण दाखवायला कागद नव्हता. म्हणून आधी मुख्य गोष्ट सांगते: बोलणी संपण्याआधी सड्यावर काय आहे आणि सड्यामुळे खाली काय आहे, याची पावसाळ्यातली नोंद करा आणि ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात चढवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

पावसाळ्यातलीच नोंद का, तेही सांगते. खाणीसाठी पर्यावरणीय आघाताचा अहवाल करताना काय काय तपासायचं याची जी प्रमाण कार्यकक्षा लावली जाते, तिच्यात एका हंगामाची माहिती पुरेशी मानलेली आहे, आणि तो हंगाम बिगर-पावसाळी असावा असं म्हटलेलं आहे: उन्हाळा, पावसाळा संपल्यानंतरचे महिने किंवा हिवाळा. हवेतली धूळ मोजायची तर हे ठीकच. पण झाडं, प्राणी, पाणी यांची नोंदही त्याच फेरीत उरकते. फेब्रुवारीत सड्यावर गेलेल्या माणसाला काळवंडलेला कातळ, वाळलेलं गवत आणि ओरडणाऱ्या टिटव्या दिसतात. ‘विरळ झुडपं, उल्लेखनीय काही नाही’ असं तो लिहितो तेव्हा त्याने काही लपवलेलं नसतं. तो गेलेलाच चुकीच्या महिन्यात असतो. सड्याचं जवळजवळ सगळं जगणं जून ते ऑक्टोबर या काळात उरकतं. नेमका तोच काळ सरकारी नजरेतून निसटतो, आणि ती उणीव भरून काढायला गावातल्या माणसांशिवाय दुसरं कोणी नाही.

आता सड्यावर असतं काय ते बघू. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातले हे सडे जांभ्याचे आहेत. उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांत मूळचा खडक प्रदीर्घ काळ कुजत गेला, विरघळणारं सगळं वाहून गेलं, आणि लोखंड व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहून त्यांचं हे टणक कवच झालं. वर माती नाही, असली तर खळग्यांत आणि भेगांत बोट-दोन बोटं. मे महिन्यात इथे अनवाणी पाय टेकवत नाही, आणि जुलैत तोच कातळ आठवडेच्या आठवडे पाण्याखाली असतो. इतकी टोकाची तऱ्हा सोसणारी झाडं वेगळीच असणार, आणि ती आहेतच. पहिल्या सरी पडल्या की कातळाच्या कडेने दीपकाडीची पांढरी फुलं वर येतात. ही कंदाची वनस्पती जगात फक्त कोकण आणि गोव्याच्या पट्ट्यात आहे. मग गवत, शेवाळं, नेचे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणथळ भागांत गेंदाचे पांढरे गोल तुरे आणि त्यांच्यात मिसळलेली सीतेची आसवं, म्हणजे निळी-जांभळी चादरच. सीतेची आसवं आणि दवबिंदू या दोन्ही कीटक खाणाऱ्या वनस्पती. कातळावर नत्र मिळत नाही, म्हणून त्यांनी ते किड्यांतून मिळवायची सोय केली. पुढे तेरडा, कवला, आणि ऑक्टोबरकडे झुकता झुकता सोनेरी गवत. ग्लायफोक्लोआ या गवताच्या गटाकडे जरा थांबून बघा. हा सगळा गट भारताच्या पश्चिम आणि दक्षिण भागापुरताच आहे आणि त्यातल्या बऱ्याच जाती जांभ्याच्या सड्यांवरच वाढतात.

‘इथे पूर्वी जंगल होतं, ते तोडलं म्हणून उजाड झालं’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सड्याच्या उतारांबद्दल ते बऱ्याच ठिकाणी खरं आहे. माथ्याबद्दल नाही. उघड्या उन्हाशिवाय जगू न शकणाऱ्या, दुसरीकडे कुठेही न सापडणाऱ्या इतक्या जाती एका ठिकाणी घडायला फार मोठा काळ लागतो; दोनशे-तीनशे वर्षांच्या कुऱ्हाडीतून त्या निपजत नाहीत. सडा हा उघडाच होता आणि त्याचं उघडं असणं हीच त्याची प्रकृती आहे. हे ठासून सांगायला हवं, कारण सड्याचं नुकसान करणाऱ्यांत चांगल्या मनाची माणसंही असतात. शाळेची मुलं, कंपनीचे कर्मचारी, मंडळाचे कार्यकर्ते पावसाळ्यात येतात, कातळात खड्डे पाडतात, बाहेरची माती भरतात आणि रोपं लावतात. बहुतेक रोपं मार्चपर्यंत वाळतात. खड्डे आणि परकी माती मात्र राहते, तिच्याबरोबर आलेलं तण राहतं, आणि जिथे गेंद उगवत होता तिथे पुढच्या वर्षी टाकळा माजतो. झाडं लावायला गावात जागा पुष्कळ आहे. सडा त्यातून वगळा.

फुलांपेक्षा मला स्वतःला सड्यावरचे सुटे दगड अधिक मोलाचे वाटतात, आणि नेमके तेच सगळ्यात आधी जातात. कोणी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला उचलतो, कोणी रस्त्याच्या भरावाला. त्या दगडांखाली दिवसा सावली आणि ओल टिकते. फुरसं, विंचू, पाली, बेडूक यांची घरं तिथे असतात. पाय नसलेलं, गांडुळासारखं दिसणारं पण बेडकासारखंच उभयचर असलेलं देवगांडूळ पावसाळ्यात तिथेच सापडतं. पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी, जमिनीवर राहणारी पालही अशा दगडांखाली दडते, आणि ती जगात फक्त कोकणच्या या सड्यांवर आहे. कातळातल्या उथळ डबक्यांचंही असंच. आंबोलीच्या सड्यांवर एक भेक आहे, झँथोफ्राइन टायग्रिना नावाचा. त्याचं शास्त्रीय वर्णन २००९ साली झालं, म्हणजे अगदी काल-परवा. तो अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो, आणि संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. जो प्राणी आपल्याला ठाऊक होऊन वीस वर्षंही झाली नाहीत, त्याच्या वाट्याला आलेली जागा आपण ‘नुसता कातळ’ म्हणून मोजतो. तुमच्या सड्यावर असं काही निघेलच असं नाही. पण कोणी पावसाळ्यात पाहिलेलं नसेल, तर ते नाही असंही कोणाला म्हणता येणार नाही.

एवढं सांगूनही ग्रामसभेत एक माणूस उठून विचारेल की बेडकाने आमचं पोट भरणार का? त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पाण्यात आहे.

जांभा सच्छिद्र असतो. सड्यावरचं पाणी भेगांतून, पोकळ्यांतून खाली उतरतं. कवचाखाली पांढरट-पिवळसर चिकण मातीचा थर असतो, त्याला अडतं आणि सड्याच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. कोकणातल्या वाड्या सड्याच्या पायथ्याला उगीच वसलेल्या नाहीत. विहिरी, पोफळीच्या बागा, पाटाचं पाणी सगळं त्या रेषेवर आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीन हजार धरला तरी एका हेक्टर सड्यावर वर्षाला तीन कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं पुष्कळसं वाहून जातं, पण जे मुरतं त्यावर मार्च-एप्रिल निघतो. कवच कापून खोल खाण काढली की पाणी मुरण्याची ही वाट बदलते. कधी झरा आटतो, कधी खाणीतच पाणी साचून राहतं. वाडीतली विहीर का आटली हे मग कोणालाच सिद्ध करता येत नाही, कारण आधी तिच्यात किती पाणी होतं हे कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून ते लिहा. एक दहा लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढंच लागतं. सड्याखालच्या प्रत्येक झऱ्यावर पंधरा दिवसांतून एकदा बादली भरायला किती सेकंद लागतात ते टिपा. विहिरीत दोरी सोडून काठापासून पाणी किती खाली आहे ते टिपा. समजा एप्रिलमध्ये बादली वीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला तीस लिटर, दिवसाला ४३,२०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज चार टँकरहून जास्त, भर उन्हाळ्यात, डिझेलशिवाय. टँकरचा दर तुमच्या भागात काय आहे तो पंचायतीत ठाऊक असतो. त्याने गुणून तो आकडा ठरावात लिहा. १९९७ साली काही शास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी साऱ्या पृथ्वीवरच्या परिसंस्थांच्या सेवांची किंमत वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर अशी काढली होती. त्या अभ्यासाने जगभरचं लक्ष वेधलं, त्याचं श्रेय त्याला आहेच. पण ग्रामसभेत त्या आकड्याचा उपयोग नाही. चार टँकर सगळ्यांना कळतात.

आणि तरीही एक सावधगिरी. पैशात मांडता येतं तेवढंच मोल, असं एकदा कबूल केलंत की समोरचा जास्त पैसे घेऊन येतो आणि वाद तिथेच संपतो. पाण्याचा हिशेब हा लोकांना ऐकायला बसवण्यासाठी आहे. दीपकाडीला किंमत लावायला जाऊ नका. ती दुसरीकडे कुठे नाही, एवढंच सांगा, आणि ते पुरेसं आहे असं मला मनापासून वाटतं.

अडचणीची मुळं कागदांतही आहेत. तुमचा सातबारा काढून बघा. सड्याच्या क्षेत्रापुढे बहुधा ‘पोटखराबा’ लिहिलेलं असेल, म्हणजे लागवडीला अयोग्य. महसूल ठरवण्यापुरती ती नोंद होती. पुढे ती जमिनीची लायकीच ठरली. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या ॲटलसमध्येही उघडा खडकाळ भाग आणि झुडपी माळ पडीक म्हणून रंगवलेले आहेत. उद्योगासाठी, सौरऊर्जेसाठी, वनीकरणासाठी जागा शोधणारा अधिकारी आधी तो नकाशा उघडतो. सोलापूर-पुण्याकडच्या माळरानांचं हेच झालं. लांडगे, माळढोक, काळवीट यांचं घर ‘पडीक’ म्हणून नांगरलं गेलं किंवा त्यावर झाडं लावली गेली. सातबाऱ्यावरची नोंद तुम्ही बदलू शकणार नाही. पण तिच्या शेजारी दुसरा कागद ठेवू शकता.

तो कागद म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि ही नोंदवही तयार करणं तिचं काम आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर या वह्या घाईघाईने भरल्या गेल्या. तुमच्या पंचायतीतही ती बहुधा असेल. ती मागून घ्या, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात मागा, आणि तिच्यात सड्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच वह्यांत आंबा, काजू, फणस, मोर, माकड एवढ्यावर भागवलेलं असतं. समितीची बैठक लावून पुरवणी नोंद करता येते. कुठल्या खळग्यात पाणी किती दिवस टिकतं, कुठे गुरं चरतात, कोणते झरे कुठल्या वाडीला लागतात, अळंबी आणि फोडशी कुठे मिळते, कुठल्या औषधी मुळ्या कोण आणतं, हे सगळं तिच्यात यायला हवं. म्हातारी माणसं आणि गुराखी हे इथले खरे जाणकार. फुलांची नावं कळली नाहीत तर फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा आयनॅचरलिस्टवर टाका, नाहीतर जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. झाड उपटू नका. कंदीलपुष्प, आमरी असं दुर्मीळ काही दिसलं तर नेमकी जागा उघड करू नका, कारण कंद उकरून नेणारे लोक असे फोटो बघूनच येतात.

त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून एखादी जागा ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर करू शकतं. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याचं ‘शिस्तुरा हिरण्यकेशी’ असं नामकरण झालं आणि पुढच्याच वर्षी ती जागा वारसा स्थळ झाली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदलही अशीच जाहीर झाली; ती तोवर टिकली होती ती देवराई म्हणून गावाने राखल्यामुळे. गावात भीती असते की वारसा स्थळ झालं की गुरं बंद, गवत बंद. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं याच्या उलट आहेत: गावकऱ्यांनी स्वतः ठरवलेल्या मर्यादांपलीकडे त्यांच्या चालत आलेल्या वापरावर बंधन घालायचं नाही. हे लेखी दाखवलंत की विरोध पुष्कळ मावळतो. पण खरं सांगायचं तर ही वाट लांबची आहे आणि खासगी सामाईक जमिनीवर ती आणखी लांबते. सुरुवात नोंदवहीने करा.

खाणीबद्दल. जांभा हा गौण खनिजात मोडतो. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या दीपक कुमार खटल्यात स्पष्ट केलं. तेव्हा ‘लहान खाण आहे, काही लागत नाही’ असं कोणी म्हणालं तर मंजुरीचा कागद मागा. मात्र अशा एकट्या लहान खाणीसाठी जनसुनावणी सहसा होत नाही, म्हणजे तुमचं म्हणणं मांडायला वेगळं व्यासपीठ मिळणार नाही. मोठा प्रकल्प असेल तर पर्यावरण मंजुरीबाबतच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना देऊन सुनावणी घ्यावी लागते. त्या तीस दिवसांत नवी माहिती गोळा करता येत नाही. असलेली मांडता येते. सड्याचा काही भाग गायरान असेल तर बाजू थोडी भक्कम आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाच्या वापराला परत द्याव्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावलं आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेवर मात्र भिस्त ठेवू नका. २०१४ पासून तिचे मसुदेच पुन्हा पुन्हा निघत आले, आणि किनाऱ्याकडचे सडे तिच्यात येतीलच असंही नाही.

उशीर झाला की न्यायालयही किती करू शकतं, त्याचं उदाहरण गोव्यात पेडणे तालुक्यात आहे. मोपाच्या पठारावरच्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली. परिसरातल्या संवेदनशील ठिकाणांची माहिती अर्जात नीट दिलेली नव्हती, हे त्यातलं मोठं कारण. तो निकाल आजही वाचण्यासारखा आहे. पण जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. न्यायालयात जाण्याइतकी वेळ आली म्हणजे पैसा गुंतलेला असतो, करार झालेले असतात, आणि मागे फिरणं प्रत्येकाला अवघड होऊन बसतं.

बागेबद्दल मला थोडं वेगळं बोलायचं आहे. आंब्याची बाग म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. उतारावर, मातीत लावलेल्या कलमांनी कोकणातली किती घरं सावरली ते मी पाहिलं आहे. सड्याच्या माथ्यावरची बाग हा निराळा प्रकार आहे. तिथे आधी जेसीबीने कातळ सपाट करतात, सुरुंगाने खड्डे काढतात, दुसरीकडची माती डंपरने आणून टाकतात, मग पाण्यासाठी प्लास्टिकचं शेततळं येतं. डबकी बुजतात, सुटे दगड जातात, गवत जातं. पुढे दरवर्षी फवारणी आणि मोहोरासाठी कल्टार नावाचं रसायन. कातळ झिरपणारा आहे, म्हणजे वर जे ओताल त्याला खालच्या विहिरीकडे जायची वाट मोकळी. या तुलनेत खळग्यांतली जुनी भातशेती, गुरांचं चरणं, शाकारायला गवत कापणं हे सगळं सड्याने पिढ्यान् पिढ्या सोसलेलं आहे. तेव्हा ‘सड्याला कोणी हात लावायचा नाही’ अशी भूमिका घेऊ नका. ती टिकत नाही आणि माझ्या मते बरोबरही नाही. चर्चा तीन गोष्टींवर आणा: कातळ फोडायचा नाही, बाहेरची माती टाकायची नाही, डबकी बुजवायची नाहीत. जंगल तोडलं आणि नंतर राखलं तर निदान काही अंशी परत येतं. वीस फूट कापून नेलेला जांभा परत येत नाही. खाण बुजवून वर माती टाकली तर तिथे चांगली जमीन होईल कदाचित, सडा होणार नाही.

पर्यटनाचा विषय निघेलच, कारण कासचं नाव सगळ्यांना माहीत आहे. साताऱ्याजवळचं ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे प्रवेशसंख्येवर मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आणावी लागली, यावरूनच गर्दीचा अंदाज करा. तिथल्या गावांना रोजगार मिळाला, हे चांगलंच झालं. पण प्रत्येक सड्याचं कास करायला निघालो तर तुडवून मारण्याची आणखी एक रीत तेवढी मिळेल. तुमच्या भागात दुसरी एक शक्यता मला जास्त धड वाटते. राजापूर, रत्नागिरी आणि लांजा तालुक्यांतल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, देवीहसोळ ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. तुमच्या सड्यावर गवताखाली काही आकृत्या असतील तर त्यांची माहिती पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. फूल आणि बेडूक ज्यांना पटत नाही, त्यांना पूर्वजांनी कोरलेला हत्ती पटतो, आणि संरक्षित स्मारकाच्या भोवती खाण काढता येत नाही.

शेवटचा आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात नाजूक भाग म्हणजे सामाईक मालकी. सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काहींचे वारस लागलेले नाहीत, अशी स्थिती असेल तर सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत विक्री होणार नाही या भरवशावर राहू नका. एखादा हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. मग घेणारा खातेदार होतो आणि वाटप मागतो. दलाल नेमके अडचणीतल्या घराकडे आधी जातात. त्या घराची गरज काय आहे ते तुम्ही आधी विचारा: आजारपण, लग्न, कर्ज. भावकीने मिळून त्याचा हिस्सा घेणं किंवा उताराकडचा तुकडा त्याच्या नावे सोडून माथा सामाईक ठेवणं, अशा तडजोडी पुष्कळ ठिकाणी जमतात. पैशाची गरज असलेल्या माणसाला निसर्गावर व्याख्यान देऊ नका. त्याच्याशी व्यवहाराचंच बोला.

चिरेखाणींचं काम पावसात थांबतं आणि दसरा-दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतं, म्हणून तुमच्या हाताशी मुदत आहे ती जून ते सप्टेंबर. मे संपण्याआधी एकदा जाऊन झऱ्यांची आणि विहिरींची उन्हाळ्यातली पातळी लिहून घ्या; तीच मोलाची. पाऊस लागला की गावातल्या दोन-तीन तरुणांना दर पंधरवड्याला त्याच त्याच जागांचे फोटो काढायला सांगा, तारीख आणि ठिकाणासकट. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नोंदवहीतली पुरवणी आणि सड्याचा ठराव हे दोन विषय लेखी अर्ज देऊन आधीच घालून घ्या, आयत्या वेळच्या विषयांत ते वाहून जातात. आणि गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात तेव्हा हिस्सेदारांची बैठक घरात न घेता एका सकाळी सड्यावर घ्या. गेंद आणि सीतेची आसवं तेव्हा ऐन भरात असतात, खालचे पऱ्ये वाहत असतात. सातबारा, गावनकाशा आणि झऱ्यांच्या नोंदींची वही बरोबर न्या, आणि कुठला भाग कायम सामाईक ठेवायचा त्याच्या खुणा नकाशावर तिथेच करून सगळ्यांच्या सह्या घ्या.